लॉजची खोली घेण्याआधी

आमच्या बचत गटातल्या आम्ही सहा जणी आज तुमच्याशी बोलतोय. आमची एक फजिती सांगतो, म्हणजे तुमची व्हायची नाही.

जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. तिथं शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकायला आम्ही गेलो होतो. तीन रात्रींच्या मुक्कामाला भवानी पेठेत एक लॉज ठरवला. फोनवर भाडं विचारलं, गरम पाणी आहे का विचारलं, रिक्षा मिळते का तेही विचारलं. लॉजमध्ये काही काम चालू आहे का, एवढं मात्र कुणाला सुचलं नाही.

संध्याकाळी पोचलो तर जिन्यात फरश्यांचा ढीग! वरच्या मजल्यावर जुनी फरशी उखडत होते. मॅनेजर म्हणाला, "थोडंसंच राहिलंय." आम्ही तिन्ही दिवसांचं भाडं भरलं आणि पावतीही मागितली नाही. रात्रीचे अकरा वाजले तरी ड्रिल मशीन थांबेना. भिंत थरथरत होती, अंथरुणावर धूळ पडत होती. एकीचं पाच महिन्यांचं लेकरू डोळा लागला की दचकून रडायचं. दुसरीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू, तिचं डोकं ठणकायला लागलं.

तरी आम्ही गप्पच. शहरात असंच असतं, आपण खेड्यातल्या, आपलं कोण ऐकणार, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी झोपेच्या तारेत सुट्टे पैसे देताना चुका झाल्या. संध्याकाळी हिशेबात २४० रुपये कमी भरले. पैसे गटाचे होते, तेव्हा मात्र जीव चरकला.

लॉजवर परतलो तर घमेलं डोक्यावर घेऊन एक बाई जिना उतरत होती. तिचं पोर खाली गोणपाटावर झोपलं होतं. तिच्यावर काय चिडायचं? रात्रीचं काम तिनं थोडंच लावलं होतं? बोलायचं ते मालकाशी.

सहाही जणी काउंटरवर गेलो. आवाज न चढवता सांगितलं, "काम आहे हे आधी सांगितलं असतं, तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो. रात्री दहानंतर मशीन बंद ठेवा, आम्हाला मागची खोली द्या आणि पावती द्या." मालक आधी कुरकुरला. मग मागची खोली दिली, पावती दिली आणि तीनशे रुपये कमी केले. त्या रात्री दहाला मशीन थांबलं. लेकरू झोपलं, आम्हीही झोपलो.

गावी आल्यावर माहिती काढली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. त्या वेळात निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. त्रास फारच झाला तर ११२ नंबरवर पोलिसांना कळवता येतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो, की महत्त्वाची माहिती ग्राहकापासून मुद्दाम लपवणं ही सेवेतली त्रुटी आहे. पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. भाडं आगाऊ भरलं म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला फी नाही.

तेव्हा सख्यांनो, प्रदर्शनाला जा, दवाखान्याच्या कामाला जा, नाहीतर देवाला जा. मुक्काम ठरवताना एवढं विचारा: दुरुस्तीचं काम चालू आहे का? किती ते किती वाजेपर्यंत चालतं? आवाजापासून लांबची खोली मिळेल का? पोचल्यावर आधी खोली बघा, मग पैसे द्या, आणि पावती पिशवीत नीट ठेवा. काम चालू असेल तर मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवा.

आणि त्रास झालाच, तर पहिल्याच रात्री बोला. आम्ही एक रात्र गप्प बसलो, ती आम्हाला २४० रुपयांना पडली. ते पैसे आम्ही सहा जणींनी चाळीस-चाळीस रुपये काढून गटात भरले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.