हिल व्ह्यू, पण मागची भिंत बघितली का?

गेल्या रविवारी बाबांसोबत फ्लॅट बघायला गेलो. सेल्सवाला म्हणाला, "काका, हिल व्ह्यू आहे!" मी पार्किंगच्या मागे गेलो. टेकडीचा पायथा उभा कापलेला, वर मोकळी माती.

आपल्या राज्यात १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटर चढ, साधारण ११ अंश. पण उताराखालच्या सपाट प्लॉटचं काय? वरची माती पावसात भिजून जड होते, आणि खालचा आधार आपणच कापलेला असतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडींचा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा आहे. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर! परिसर कळतो, आपली बिल्डिंग नाही. इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतही नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आलीच.

बाबा गप्प. टोकन दिलेलं होतं.

म्हटलं, "बाबा, जुलैत परत येऊ. भिंतीच्या भोकांतून पाणी नीट वाहतंय का, वरची झाडं कललीत का, ते बघू. मगच सही."

तुम्हीही व्ह्यू बघाच, पण आधी मागे जाऊन या.