एका जुवाखाली



मुळशीतल्या आमच्या चांदे गावात हल्ली भातापेक्षा हिंजवडीच्या आयटी ऑफिसाच्या गप्पाच जास्त. टीममध्ये कोण कुणाच्या पुढं गेलं, कुणाला रेटिंग चांगलं मिळालं! चढाओढ वाईट, असं मी म्हणणार नाही. माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. एकाची बढती दुसऱ्याच्या घसरणीवर बांधली, की काम बसलंच.

चिखलणीला जुंपलेली जोडी आठवा. एक बैल तडफेचा, दुसरा संथ. पहिला पुढं रेटतो, जू तिरकं होतं आणि खांदा येतो दुसऱ्याचा. मग चार दिवस दोघंही गोठ्यात! जाणता शेतकरी अशा वेळी चाबूक उगारत नाही. तो जुवावरचा दोर तडफेच्या बैलाकडे जरासा सरकवतो. ओढ त्याच्या वाट्याला जास्त येते, जोडी सरळ चालते. आमचे मॅनेजर नेमकं उलटं करतात. संथाला टोचतात आणि तडफेच्याला म्हणतात, "शाब्बास, अजून ओढ!"

मग काय होतं? सर्व्हर रात्री का अडकतो, हे एकालाच ठाऊक असतं आणि तो ते आपल्याच वहीत ठेवतो. का सांगावं? सांगितलं तर शेजारचा पुढं जाईल. रिलीजच्या रात्री हा गावच्या जत्रेत, फोन बंद आणि बाकीची पोरं पहाटेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसलेली. यात त्याला एकट्याला दोष देऊ नका हो. दोर चुकीच्या जागी बांधलाय.

मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीतही वर्षानुवर्षं प्रत्येक टीममधल्या काही जणांना खालची श्रेणी द्यावीच लागे, मग सगळे चांगले का असेनात. २०१३ साली त्यांनी ती पद्धत मोडीत काढली. आपल्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी ती अजून मुरलेली आहे.

आता चढाओढीची दुसरी बाजू. ८ जुलै १९२१, मुंबई. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन स्पर्धक नाटकमंडळ्यांचे मालक आणि नामांकित गायक, 'मानापमान' नाटकात एकत्र उभे राहिले. दोघांच्या चाहत्यांत केवढी चुरस! पण पैसा जाणार होता टिळक स्वराज्य फंडाला. गल्ल्यात दोघांचाही वाटा नाही, मग एकाचं गाणं रंगलं म्हणून दुसऱ्याचं काय जाणार? तो प्रयोग आजही लोकांच्या तोंडी आहे.

म्हणून पुन्हा तेच. चुरस असू द्या, पण एकाचं पुढं जाणं दुसऱ्याच्या पडण्यावर बांधू नका. मॅनेजर मंडळी, येत्या मूल्यमापनात एक रकाना वाढवा: या माणसानं वर्षभरात कुणाला काय शिकवलं? आणि त्याला गुण द्या, नुसती शाबासकी नको.