रविवारचे खलाशी, बावळट चोर

१९५७ साली रशियाचा ‘स्पुटनिक’ आकाशात गेला आणि त्याच्या नावाचं शेपूट अमेरिकेत राहिलं. पुढच्याच वर्षी तिथं ‘बीटनिक’ हा शब्द निघाला आणि १९७० साली डिस्नेच्या मंडळींनी ‘बोटनिक’ काढला! सुट्टीच्या दिवशी हौसेनं बोट पाण्यात ढकलणारा, पण बोटीतलं ओ की ठो न कळणारा, तो बोटनिक. नॉर्मन टोकर यांचा ‘द बोटनिक्स’ हा चित्रपट अशाच हौशी मंडळींचा आहे.

कॅलिफोर्नियातलं न्यूपोर्ट बंदर. बोटींची ही झुंबड! कोण कुठून येऊन कुणाला धडकेल, सांगता येत नाही. यात अतिशयोक्ती असली तरी अगदीच खोटं नाही. कॅलिफोर्नियात मोटारीला परवाना लागे, हौसेच्या बोटीला मात्र त्या काळी लागत नसे. प्रशिक्षणाचं कार्ड टप्प्याटप्प्यानं सक्तीचं होऊ लागलं ते थेट २०१८ पासून.

या गर्दीत शिरतात तीन दागिनेचोर. चोरीचा माल खाण्याच्या पदार्थांत दडवायचा, सहलीची टोपली घ्यायची आणि समुद्रमार्गे मेक्सिको गाठायचं, असा बेत. बोट चालवायची कशी, हे मात्र तिघांनाही ठाऊक नाही. टोपली बुडते आणि ती काढायला मोत्यांसाठी बुड्या मारणारी जपानी तरुणी आणावी लागते! म्होरक्या आहे फिल सिल्व्हर्स, टीव्हीवरचा सार्जंट बिल्को. जिभेच्या जोरावर कुणालाही गुंडाळणारा माणूस. पण समुद्राला कान नसतात ना! माझ्या मते सगळी गंमत इथंच आहे.

चोरांना हसताना मी मोकळेपणानं हसतो. गारलंडच्या वेळी तसं होत नाही. रॉबर्ट मोर्सनं रंगवलेला हा तटरक्षक दलातला तरुण अधिकारी. वडील युद्धात नाव गाजवलेले आणि साहेब (डॉन अमिची) या धांदरट पोराला बापाच्याच मापानं मोजणार. चोर फसले तर फार तर तुरुंगात जातील. हा फसला तर? रोज तेच आडनाव लावून कामावर यायचं. मोर्स हे कुठं बोलून दाखवत नाही. नुसता ओशाळा चेहरा करतो आणि पुन्हा कामाला लागतो. पोरं खिदळतात, बाप मंडळी जरा गप्प होतात.

आता, चोर पकडले जातात का? ते मी सांगणार नाही. डिस्नेचा चित्रपट आहे, तुम्ही ओळखलंच असेल.