'स्पर्न' : नकारातली लाथ



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी शिकलो ते कारखान्याच्या नोटिसा वाचता याव्यात म्हणून, जुन्या बाजारातून आणलेल्या कोशांवर. आज एका इंग्रजी क्रियापदावर बोलायला उभा आहे तो पंडित म्हणून नव्हे; त्या शब्दाला मी एकदा चांगलाच ठेचकाळलो होतो म्हणून.

गोष्ट 1998 सालची. दिवाळी तोंडावर आलेली. मालकांनी बोनस देऊ केला तो कायद्याने द्यावाच लागतो तेवढा, 8.33 टक्के. सभेने हात वर करून तो नाकारला. उत्तराचा मसुदा माझ्याकडे आला. कोशात 'नाकारणे' याखाली चार-पाच शब्द होते. त्यांतला सर्वांत झणझणीत वाटला तो मी उचलला, 'स्पर्न'. पत्र पोचले आणि बोलणी तुटली. व्यवस्थापकांचे म्हणणे, प्रस्ताव नाकारा, पण लाथाडता कशाला? मला ते ढोंग वाटले. मग वाचनालयात मोठा कोश पाहिला. गृहस्थांचे बरोबर होते!

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ पायाने मारणे, ठेच लागणे असा होता. तिरस्काराने झिडकारणे हा अर्थ त्या लाथेतूनच निघाला. घोड्याला टोचण्यासाठी स्वाराच्या टाचेला लावतात ती आर, 'स्पर', तीही याच घराण्यातली. लॅटिनमधला 'स्पर्नेरे', म्हणजे तुच्छ लेखणे, हा भाऊबंद. आणि आपला संस्कृत 'स्फुर्' धातूसुद्धा! ऋग्वेदात तो पायाने उडवून लावणे या अर्थी येतो. पुढे आपण त्यातली थरथर तेवढी ठेवली. सभेत आम्हाला चढते ते स्फुरण आणि ही लाथ एकाच मुळाची, हे वाचून मी बराच वेळ कोश मिटला नाही.

बाकीचे शब्द इतके तापट नाहीत. 'रिजेक्ट' म्हणजे मुळात परत फेकणे. 'डिक्लाइन' म्हणजे बाजूला कलणे. त्यात पाय उचललेला नसतो. नाकारणे, फेटाळणे, झिडकारणे, लाथाडणे यांतले अंतर मराठीत मला कोणी शिकवावे लागले नव्हते. इंग्रजीत शिकलो, त्याची किंमत मात्र इतरांनी भरली. बोलणी नऊ दिवस बंद राहिली. तेवढ्यात दिवाळी येऊन गेली. कित्येकांच्या घरी करंज्या झाल्या नाहीत, आणि एकाही सभासदाने मला बोल लावला नाही, हे अजून टोचते.

पुढचे पत्र मी 'डिक्लाइन' घालून लिहिले. चौथ्या दिवशी बोलावणे आले. मागणीचा आकडा आम्ही पहिल्या पत्रातलाच ठेवला होता.