गिलावा उतरला आहे, तोवर भिंत सांधू या

अभियंता बंधुभगिनींनो,

आज एकाच विषयावर बोलतो : जुन्या शाळांची दुरुस्ती.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे. गणपती बोळवून गावे नुकती झोपली होती. किल्लारीच्या त्या भूकंपात हजारो माणसे आपापल्या घरांतच गाडली गेली. वर्ग रिकामे होते, कारण पहाट होती. 10 मार्च 1933 रोजी कॅलिफोर्नियात लाँग बीचला भूकंप झाला तो संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. कोसळलेल्या शाळा पाहून तिथल्या विधिमंडळाने महिन्याभरात शाळांच्या बांधकामासाठी फील्ड कायदा केला. वेळ दर वेळी दया दाखवत नाही. 2001 च्या प्रजासत्ताक दिनी सकाळी कच्छ हादरले, तेव्हा अंजारच्या अरुंद गल्लीतून मिरवणुकीने निघालेली शाळकरी मुले ढिगाऱ्याखाली गेली.

किल्लारीचा परिसर 1993 मध्ये भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 च्या सुधारित भूकंप संहितेत तो अधिक धोक्याच्या तिसऱ्या विभागात आला. नकाशा बदलला, त्याआधी बांधलेल्या भिंती मात्र होत्या तशाच राहिल्या.

मराठवाड्यातली जुनी दगडी भिंत आपण सर्वांनी पाहिली आहे. दोन-अडीच फूट जाड, बघताना भक्कम. खरे तर त्या दोन भिंती असतात : आतला थर, बाहेरचा थर आणि मध्ये माती नि कपच्या. दोन्ही थरांना धरणारा आरपार दगड नसतो. हादरा बसला की थर फुगतात, बाहेरचा सुटून पडतो आणि वरचे ओझे खाली येते.

उपाय आपल्याला ठाऊक आहे. एकेक दगड हलक्या हाताने काढून भिंतीत आरपार भोक करायचे, दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट ठासायचे. साधारण मीटर-मीटरवर असे टाके पडले की दोन थरांची एक भिंत होते. मग दारे-खिडक्यांच्या वरच्या अंगाला, आतून-बाहेरून, वेल्डमेशच्या जाळीचा पट्टा सर्व भिंतींभोवती फिरवायचा आणि कोपरे उभ्या पट्ट्यांनी बांधायचे. भारतीय मानक 13935 मध्ये जुन्या भिंती बळकट करण्याची रीत दिली आहे. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात आपल्याच गवंड्यांनी घरांच्या मजबुतीकरणाचे काम केले आहे.

या कामासाठी भिंत उघडी लागते. शाळेच्या विशेष दुरुस्तीत गिलावा खरवडला जातो, पत्रे उतरतात, कैच्या मोकळ्या होतात. अशी संधी पुन्हा वीस-तीस वर्षांनी येते. त्याच वेळी आपण फरशी, रंग आणि बोलक्या भिंतींवर पैसे संपवतो. कधी तर सभागृहासाठी मधली भिंत पाडतो, कोपऱ्याशी नवी खिडकी फोडतो, मातीच्या जोडणीवर स्लॅब चढवतो. इमारत देखणी होते आणि आधीपेक्षा कमकुवतही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. जुन्या शाळेच्या नूतनीकरणाला तांत्रिक मान्यता देण्यापूर्वी भूकंपाच्या दृष्टीने तपासणी सक्तीची व्हावी. अंदाजपत्रकातली पहिली बाब मजबुतीकरणाची असावी. पैसे उरले तर रंग. आणि जी इमारत सांधण्यापलीकडे गेली आहे, तिचे निर्लेखन करण्याचे धैर्यही आपणच दाखवावे.

हा नियम शासनाने करेपर्यंत थांबू नका. कागद सहीसाठी समोर येतो तो तुमच्याच. ज्या खोलीत स्वतःच्या मुलाला बसवणार नाही, तिच्या कागदावर सही करू नका, एवढीच माझी हात जोडून विनंती.