समुद्र नसलेल्या देशाची गोष्ट: बुर्किना फासो

आजचा भाग घरून, म्हणजे बुरोंडीहून रेकॉर्ड करतोय. दापोली तालुका, रत्नागिरी जिल्हा. मधेच कोंबडा आरवला किंवा मासळीच्या टेम्पोचा हॉर्न वाजला तर समजून घ्या, एडिटिंगमध्ये जेवढं निघेल तेवढं काढेन.

गावाचं नाव इंग्रजीत टाईप केलं की फोन लगेच 'तुम्हाला बुरुंडी म्हणायचंय का?' असं विचारतो. बुरुंडी हा पूर्व आफ्रिकेतला देश. त्याला समुद्र नाही, आणि आमचं बुरोंडी समुद्राला चिकटून आहे. आज मात्र आपण तिकडे जात नाही. आज पश्चिम आफ्रिका. तिथे समुद्र नसलेले तीन देश आहेत: माली, नायजर आणि बुर्किना फासो. मी बुर्किना निवडला.

का? पहिलं कारण म्हणजे रील्स. लष्करी गणवेश, लाल टोपी घातलेला एक तरुण माणूस तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. इब्राहिम त्राओरे. ३० सप्टेंबर २०२२ ला त्याने सत्ता घेतली तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. दुसरं कारण आपल्या अंगणातलं, काजू. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी नकाशा उघडा. बुर्किनाचं क्षेत्रफळ साधारण २ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडं कमी. लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास. राजधानी वागाडुगू, दुसरं मोठं शहर बोबो-दिउलासो. शेजारी सहा: माली, नायजर, बेनिन, टोगो, घाना आणि आयव्हरी कोस्ट. चारी बाजूंनी कुणाचं तरी कुंपण. सगळ्यात मोठी भाषा मोसी लोकांची, आणि तिचं नाव चक्क 'मोरे'. (मोरे आडनावाच्या मित्रांना हा भाग जरूर पाठवा.)

आता 'समुद्र नाही' हे ऐकायला फक्त भूगोलाच्या पेपरातलं वाटतं. आपण कोकणातली माणसं तर समुद्र गृहीतच धरतो. आमच्या बुरोंडीत परशुरामाचा मोठा पुतळा आहे. त्याने समुद्र मागे हटवून ही जमीन मिळवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे आपल्या कथेत समुद्र जास्त आणि जमीन कमी. बुर्किनात नेमकं उलटं.

तुम्ही म्हणाल, नागपूरलाही समुद्र नाही. बरोबर. न्हावाशेव्यात कंटेनर उतरतो आणि ट्रकने किंवा रेल्वेने नागपूरला जातो. अंतर आठशे-साडेआठशे किलोमीटर. वागाडुगूचंही घानाच्या टेमा बंदरापासूनचं किंवा टोगोच्या लोमे बंदरापासूनचं अंतर साधारण हजार किलोमीटरच आहे. पण नागपूरच्या रस्त्यात दुसरा देश लागत नाही. वेगळं सरकार नाही, वेगळं कस्टम नाही, आणि मुख्य म्हणजे आपलं भांडण झालं म्हणून गेट बंद करणारा शेजारी नाही. बुर्किनात पेट्रोल, औषधं, सिमेंट, गव्हाचं पीठ, मोबाईल, जे काही बाहेरून येतं ते कुणाच्या तरी दारातून येतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. एक सर्व्हर पडला की सगळं ॲप बंद.

हे दार बंद पडल्याचं उदाहरण सांगतो. आबिजान ते वागाडुगू अशी मीटर गेज रेल्वे आहे, बाराशे किलोमीटरहून जास्त लांबीची. फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्राकडून कामाला सुरुवात केली आणि गाडी वागाडुगूला पोचली १९५४ मध्ये. (आमच्या दापोलीत ती अजूनही पोचलेली नाही, खेड स्टेशन गाठावं लागतं. असो.) सप्टेंबर २००२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये बंड झालं, देश दोन तुकड्यांत वाटला गेला आणि ही रेल्वे जवळपास वर्षभर बंद राहिली. भांडण शेजाऱ्याच्या घरातलं, आणि गाडी बंद झाली बुर्किनाची.

त्या रेल्वेचा इतिहासही फार गोड नाही. फ्रेंचांनी १९१९ मध्ये 'अपर व्होल्टा' नावाची वसाहत केली, आणि १९३२ मध्ये मोडून शेजारच्या वसाहतींत वाटूनही टाकली. कारण आयव्हरी कोस्टच्या कॉफी-कोकोच्या मळ्यांना मजूर हवे होते. १९४७ मध्ये ती परत जोडली आणि ५ ऑगस्ट १९६० ला देश स्वतंत्र झाला. पण माणसं जातच राहिली. आजही लाखो बुर्किनाबे आयव्हरी कोस्टमध्ये राबतात आणि गावाकडे पैसे पाठवतात. कोकणी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मुंबईच्या गिरण्या, चाकरमानी आणि महिन्याची मनीऑर्डर, यावर आपली कितीतरी गावं उभी राहिली. फरक इतकाच की आपल्या चाकरमान्याला मुंबईला जायला देशाची सीमा ओलांडावी लागत नव्हती. तिकडे नव्वदच्या दशकात आणि नंतर 'खरा आयव्हरियन कोण' असं राजकारण सुरू झालं, आणि बुर्किनाचे मजूर रातोरात परके ठरले.

आता नावाकडे येऊ. १९८३ मध्ये थॉमस सांकारा नावाचा तरुण कॅप्टन सत्तेवर आला, तेव्हा तोही ३३ वर्षांचाच होता. ४ ऑगस्ट १९८४ ला त्याने देशाचं नाव बदललं. 'बुर्किना' हा मोरे भाषेतला शब्द, ताठ मानेचे, प्रामाणिक लोक असा त्याचा अर्थ. 'फासो' दिउला भाषेतला, वडिलांचं घर. आणि तिथल्या माणसाला म्हणायचं 'बुर्किनाबे', ज्यातला 'बे' फुलानी लोकांच्या भाषेतून घेतला. एका नावात तीन भाषा! नावं बदलायची हौस आपल्याकडेही आहे, पण असा विचार करून ठेवलेलं नाव मला दुसरं पटकन आठवत नाही.

सांकाराने मंत्र्यांच्या मर्सिडीज विकल्या आणि त्यांना छोट्या रेनो गाड्या दिल्या. लहान मुलांच्या लसीकरणाची मोठी मोहीम घेतली. सरकारी नोकरांनी देशी कापसाच्या हातमागाचं कापड घालावं असा आग्रह धरला. आपल्या खादीसारखंच, तिकडे त्याला 'फासो दान फानी' म्हणतात. पण त्यानेच विरोधी आवाज बंद केले, कामगार संघटना दाबल्या, संपावर गेलेल्या शिक्षकांना मोठ्या संख्येने कामावरून काढलं. हेही त्याच माणसाचं काम, आणि रील्समध्ये ते येत नाही. १५ ऑक्टोबर १९८७ ला त्याची हत्या झाली. त्याचा मित्र ब्लेज कॉम्पाओरे गादीवर बसला आणि २७ वर्षं बसून राहिला. २०१४ मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तो पळाला. याच खुनाच्या खटल्यात २०२२ मध्ये त्याला गैरहजेरीत जन्मठेप झाली.

त्राओरे स्वतःला सांकाराचा वारस म्हणवतो. फ्रेंच सैन्य २०२३ मध्ये देशातून बाहेर गेलं, फ्रेंच भाषेचा अधिकृत दर्जा काढला गेला. हे ऐकून आपल्याला बरं वाटतं, वसाहतीचा इतिहास आपलाही आहे. पण जरा थांबा. त्याच्यावरचे बरेच व्हिडिओ एआयने बनवलेले आहेत. जगप्रसिद्ध गायक त्याच्यासाठी गाणी म्हणताना दिसतात, जी त्यांनी कधी म्हटलेलीच नाहीत. ओठ आणि आवाज जुळतात का, एवढं बघायची सवय लावून घ्या, कारण हे तंत्र दर महिन्याला सुधारतंय आणि काही दिवसांनी तेही पुरणार नाही.

आणि जमिनीवर काय चाललंय? २०१५ पासून उत्तरेकडून जिहादी गट शिरले. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२३ च्या सुरुवातीला २० लाखांहून जास्त लोक घरदार सोडून देशातल्या देशात विस्थापित झाले होते. म्हणजे साधारण अकरात एक माणूस. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन गावांत सैन्यानेच २२३ नागरिक मारल्याचा अहवाल ह्यूमन राइट्स वॉचने दिला. त्याची बातमी दिली म्हणून तिथे बीबीसी आणि व्हॉइस ऑफ अमेरिकाचं प्रसारण दोन आठवडे बंद केलं गेलं. आता ज्या देशात बातमीच बंद होते, तिथला हिरो आपण फोनवर बघून ठरवायचा का, हा प्रश्न मी तुमच्याकडे सोडतो. माझ्यापुरतं सांगायचं तर मी ते रील फॉरवर्ड करत नाही.

आता परत दाराकडे. माली, बुर्किना आणि नायजर, तिन्ही समुद्र नसलेल्या आणि लष्करी राजवटीच्या देशांनी मिळून २०२३ मध्ये स्वतःची आघाडी केली. २९ जानेवारी २०२५ ला ते इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघातून अधिकृतपणे बाहेर पडले. त्यांच्या रागाला कारण होतं. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये सत्तापालट झाल्यावर इकोवासने निर्बंध लादले, बेनिनच्या सीमेवर ट्रकच्या रांगा लागल्या, नायजेरियाने वीज तोडली. औषधाचा ट्रक सीमेवर उभा आणि दवाखाना पलीकडे. हे डोळ्यांदेखत घडल्यावर त्या संघाबद्दल प्रेम कुठून राहणार?

पण बाहेर पडून समुद्र जवळ आला का? नाही. आबिजान, टेमा, लोमे, कोटोनू, ही सगळी बंदरं इकोवासमध्येच आहेत. म्हणून गंमत बघा: मोठ्या संघातून बाहेर पडताना या देशांनी सीएफए फ्रँकवाला छोटा आर्थिक संघ सोडला नाही. म्हणजे फ्रान्सच्या नावाने भाषणं, पण चलन अजून तेच, युरोला बांधलेलं. मला यात ढोंग दिसत नाही, नाइलाज दिसतो. मोरोक्कोने त्यांना अटलांटिकपर्यंतचा रस्ता द्यायची योजना मांडली आहे, पण ती वाट सहाराच्या वाळवंटातून हजारो किलोमीटरची. नकाशावर रेघ मारायला काय जातंय?

इंटरनेटचंही तेच. मार्च २०२४ मध्ये आबिजानजवळ समुद्राच्या तळाशी केबल तुटल्या. नेट बंद पडलेल्या आणि मंदावलेल्या देशांत बुर्किनाही होता. समुद्र नसलेल्या देशाच्या मोबाईललासुद्धा समुद्र लागतो. मी इथे बसून पुण्याच्या टीमसोबत मीटिंग करतो, तेव्हा रेंज गेली की एमएसईबीच्या नावाने ओरडतो. वागाडुगूतल्या माझ्यासारख्या इंजिनिअरने कुणाच्या नावाने ओरडायचं?

बरं, आता काजू. काजूचं झाड मूळ ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणलं. पश्चिम आफ्रिकेत १९६० च्या दशकात त्याची लागवड मुख्यतः जमिनीची धूप थांबवायला केली गेली, बी विकणं नंतर सुचलं. आज जगात सगळ्यात जास्त काजू बी आयव्हरी कोस्टमध्ये होते, आणि बुर्किनाच्या नैर्ऋत्य भागातही काजूच्या बागा आहेत. पण कारखाने कमी. म्हणून बरीचशी कच्ची बी बंदरावर जाते आणि तिथून व्हिएतनामला नाहीतर आपल्याकडे येते. भारताच्या कारखान्यांना लागणारी साधारण निम्मी किंवा त्याहून जास्त बी आयात होते. २०१८ च्या बजेटमध्ये तिच्यावरचं आयात शुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्के केलं.

कारखानदार म्हणतो, स्थानिक बी पुरत नाही, मशीन वर्षभर चालवायचं तर आयात हवीच. बागायतदार म्हणतो, आमचा हंगाम फेब्रुवारी ते मे, पश्चिम आफ्रिकेचाही जवळजवळ तोच, त्यांची स्वस्त बी आली की आमचा दर पडतो. दोघांचंही खरं आहे. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने वेंगुर्ल्याच्या केंद्रात 'वेंगुर्ला ४', 'वेंगुर्ला ७' अशा चांगल्या जाती काढल्या, पण चांगली जात दराची हमी देत नाही. बोबो-दिउलासोकडच्या शेतकऱ्याचं तर आणखी कठीण. त्याच्या बीचा भाव व्हिएतनाममध्ये ठरतो, आणि मधलं ट्रकभाडं, सीमेवरची चिरीमिरी, बंदराचा खर्च हे सगळं त्याच्याच पैशातून कापलं जातं. म्हणजे आपल्या बागायतदाराचा स्पर्धक कोण, तर त्याच्याहून कमी मिळवणारा माणूस. मला वाटतं आयात बंद करा म्हणण्यापेक्षा पाकिटावर बी कुठली ते ठळक छापा, ही मागणी जास्त कामाची. कोकणी काजू म्हणून विकायचा तर तो कोकणचा असू दे.

शेवटी दोन माणसं सांगतो, कारण बुर्किना म्हणजे नुसती लढाई नव्हे.

याकुबा सावाडोगो. उत्तरेतला शेतकरी, २०२३ मध्ये वारला. ओसाड, कडक झालेल्या जमिनीत उन्हाळ्यात छोटे खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचं, वाळवी येऊन जमीन भुसभुशीत करते, पहिला पाऊस खड्ड्यात साठतो आणि ज्वारी-बाजरी उगवते. 'झाई' नावाची ही जुनी पद्धत त्याने सुधारली आणि पडीक जमिनीवर जंगल उभं केलं. वागाडुगूचा वर्षाचा पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, उत्तरेत त्याहून कमी. आमच्याकडे एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो आणि तरी मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकर येतो.

दुसरा फ्रान्सिस केरे. गांदो नावाच्या खेड्यात जन्म, गावात शाळा नव्हती. सुताराचं शिक्षण घ्यायला जर्मनीला गेला, आर्किटेक्ट झाला आणि शिकतानाच गावासाठी मातीच्या विटांची शाळा बांधली. २०२२ मध्ये त्याला प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारा पहिला आफ्रिकी. त्याने कुदुगू शहरात बांधलेली एक माध्यमिक शाळा कशाची आहे माहितेय? लॅटेराइटची. म्हणजे आपला जांभा! खाणीतून काढताना मऊ, हवेत घट्ट होणारा, तोच लाल चिरा. फोटो शोधून बघा. भिंती आपल्या शाळांसारख्याच, पण वरचं छप्पर भिंतीपासून उचललेलं, मधून वारा खेळतो, पंख्याशिवाय वर्ग थंड. आपल्याकडे हल्ली चिऱ्याचं घर पाडून काँक्रीटचा डबा बांधतात आणि मग एसी घेतात.

शाळेच्या फोटोची लिंक खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकतोय. घरी काजूच्या बागा असतील तर या वर्षी बीला काय दर मिळाला ते कमेंटमध्ये लिहा, गावाच्या नावासकट. पुढचा भाग नायजरवर, तिथल्या युरेनियमवर.