फ्रान्समधील जिल्हा मंडळे

क्रांतीनंतर 1790 मध्ये जुने प्रांत मोडून फ्रान्सचे 83 ‘देपार्तमाँ’, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, पाडण्यात आले. प्रत्येकास लोकनियुक्त मंडळही मिळाले. परंतु नेपोलियनने 1800 मध्ये प्रत्येक ठिकाणी प्रीफेक्ट हा सरकारी अधिकारी बसविला आणि मंडळाचे सभासदही सरकारच नेमू लागले. 1833 मध्ये निवडणूक परत आली, पण ती केवळ धनिकांपुरती. 1871 च्या कायद्याने मंडळाचे अधिकार वाढले. तरीही ठराव मंडळाने करावा आणि तो अमलात आणावा प्रीफेक्टने, हा प्रकार 1982 पर्यंत चालला! लोकसत्तेचा उद्घोष करणाऱ्या देशात हे घडावे, याचे नवल वाटते. त्या वर्षीच्या कायद्याने कारभाराची सूत्रे मंडळाच्या अध्यक्षाकडे आली.

2015 पासून प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री व एक पुरुष अशी जोडी सहा वर्षांसाठी निवडली जाते. सभागृहात स्त्रिया निम्म्या झाल्या. अध्यक्षपदे मात्र बहुतांशी पुरुषांकडेच राहिली आहेत.

रस्ते, माध्यमिक शाळांच्या इमारती, निराधार मुले, वृद्ध आणि निर्धनांचा निर्वाहभत्ता ही मंडळाची कामे. यांतील भत्ता हे खरे दुखणे. त्याचा दर ठरतो पॅरिसमध्ये, पैसे मोजावयाचे मंडळाने. जेथे दारिद्र्य अधिक, तेथे बोजाही अधिक. पॅरिसला लागूनच असलेल्या सेन-सँ-दनी या गरीब विभागाच्या मंडळाने अखेर 2022 मध्ये त्या भत्त्याचा खर्च, प्रयोग म्हणून का होईना, पुन्हा सरकारच्या हवाली केला.